१८ च्या आधी पोरांना रस्ता कोण शिकवणार?

सातपुडा_पायथा
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो. आवारात मोटरसायकल लावायला बंदी आहे, म्हणून मुलं मागच्या बोळात गाड्या लावतात. चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना १८ पूर्ण नाहीत. ही पोरं बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याने येतात. याच रस्त्यावर केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, एसटी, काळीपिवळी आणि मधूनच शेळ्यांचा कळप. कडेला साइडपट्टी अशी की एकदा चाक खाली उतरलं की वर यायला जागा नाही.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होतो. साहेब येतात, भाषण होतं, शपथ होते, फोटो निघतो. त्यानंतर तीच पोरं बोळात जाऊन ट्रिपल सीट निघतात. मला त्यांचा राग येत नाही, भीती वाटते. कायदा म्हणतो १८. मान्य. पण १८ व्या वाढदिवसाला रस्त्याची समज आपोआप येत नाही, ती आधी कुणीतरी द्यावी लागते. माझं मत असं की हातात चावी न देताही रस्ता शिकवता येतो, आणि तो दहावीच्या आधीपासून शिकवायला हवा. पण नेमकं काय शिकवायचं, कुणी, आणि कुठे? तुमच्याकडे कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

तापीची_लेक
सर, अगदी मनातलं लिहिलंत. वाचतेय.

रावेर_बागायतदार
सर, तुमची कळकळ पटते, पण आमची बाजूही ऐका. शेतीला थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते. मोटर चालू करायला शेतात जायचं कुणी? माझे गुडघे गेले, मोठा पुण्याला कंपनीत. राहिला बारावीतला धाकटा. दुसरं, सकाळची एसटी कॉलेजच्या वेळेला आहे, पण परतीची थेट संध्याकाळी. प्रॅक्टिकल संपल्यावर पोराने तीन-चार तास स्टँडवर बसून काय करायचं? आम्ही हौसेनं गाडी देत नाही. १८ पर्यंत गाडी नको हे शहरात बसून म्हणायला सोपं आहे.

धुळे_कोर्टवाला
बागायतदार भाऊ, अडचण खरी आहे. तरी कायद्यात काय आहे ते एकदा नीट वाचून ठेवा, कारण माझ्याकडे बाप येतात ते सगळं घडून गेल्यावर.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' हे कोर्टात बापाने सिद्ध करायचं असतं, पोलिसांनी नव्हे. घरची चावी खुंटीला लटकलेली असताना ते कसं सिद्ध करणार?

याहून मोठा फटका विम्याचा. समोरचा माणूस गेला किंवा अपंग झाला तर नुकसानभरपाई लाखांत जाते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर कोर्ट बहुतेक वेळा विमा कंपनीला सांगतं, आधी तुम्ही भरा, मग मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे बाप, आणि वसुली म्हणजे जमीन. पालकसभेत फक्त एवढं सांगितलं तरी निम्मी माणसं सरळ बसतात.

भुसावळ_जंक्शन
१६ व्या वर्षी पण लायसन्स मिळतं ना? माझ्या मामेभावाने काढलं होतं.

धुळे_कोर्टवाला
मिळतं, पण फक्त बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, आणि पालकाच्या लेखी संमतीने. एके काळी लुना होती तेव्हा त्या कलमाला अर्थ होता. आज शोरूममध्ये जी स्कूटर मिळते ती १०० सीसीच्या वरची. त्या लायसन्सवर ती चालवली तर ते विनालायसन्सच.

शहादा_ऊसवाला
मग ती बॅटरीची छोटी गाडी? तिला नंबरप्लेट पण नसते.

धुळे_कोर्टवाला
मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती मोटार वाहनात मोडत नाही. दुकानदार वायर बदलून ४५ ने पळवून देतात. तसं केलं की ती गाडी नोंदणीशिवायची आणि विम्याशिवायची झाली. आणि सूट असली तरी १४ वर्षांच्या मुलीला हायवेवर २५ च्या वेगाने ट्रकांच्या मध्ये सोडणं मला बरोबर वाटत नाही.

पांढरा_डगला
मी जळगावात अपघात विभागात नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. दिवाळी, लग्नसराई आणि बारावीचा शेवटचा पेपर, या तीन वेळांना आमच्याकडे कोवळी पोरं येतात.

एक गोष्ट सगळ्या आईबापांनी ऐका. हेल्मेट येतं, पण पट्टा लावलेला नसतो. पडल्याबरोबर हेल्मेट एकीकडे आणि पोरगं दुसरीकडे. चांगलं हेल्मेट नीट बांधलेलं असेल तर डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४० टक्क्यांनी कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. बांधलेलं असेल तर. त्यामुळे सर, शिकवायचं असेल तर 'हेल्मेट घाला' यावर थांबू नका. प्रत्येक पोराच्या डोक्यावर ठेवून पट्टा लावायला लावा. मग हनुवटीखाली दोन बोटं जातात का बघा. मागून वर ढकलून निघतं का बघा. आतला थर्माकोल दबलेला असेल तर ते फेकायला सांगा. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतून संपलेलं असतं.

मागे बसणाऱ्या मुलींना वेगळं सांगा. ओढणी आणि स्कार्फची टोकं. मागच्या चाकात ओढणी गुंतली की गळ्याला काय होतं ते मी लिहू शकत नाही. मागच्या चाकाला जाळी लावणं नियमातच आहे, पण नवी गाडी घेतली की पोरं लूक खराब होतो म्हणून ती काढून टाकतात. आईने ती काढू देऊ नये.

तापीची_लेक
नर्सताई, आजच भावाच्या गाडीला जाळी आहे का बघते.

भुसावळ_जंक्शन
आरटीओ कॅम्पला आठचा आकडा काढला की लायसन्स हातात. आमच्या रोडवर खड्डे चुकवता चुकवता प्रत्येकाचा आठ पाठ झालाय, एकही नापास होत नाही 😄

स्टुटगार्टी_धुळेकर
मूळ धुळ्याचा, देवपूर. सध्या जर्मनीत. इथे मला कारचं लायसन्स नव्याने काढावं लागलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

इथे आधी थिअरीचे ९० मिनिटांचे १४ वर्ग. ते झाल्याशिवाय थिअरीची परीक्षाच देता येत नाही. प्रथमोपचाराचा कोर्स सक्तीचा. गाडीवर नेहमीच्या सरावाशिवाय १२ खास फेऱ्या: ५ गावाबाहेरच्या रस्त्यावर, ४ आउटोबानवर (इथला एक्सप्रेसवे), ३ अंधारात. अंधारातली फेरी टाळता येत नाही. खर्च जबरदस्त, सगळं मिळून दोन-अडीच हजार युरोच्या वर जातो, तो आपल्याकडे शक्य नाही. पण एक पद्धत मला फार आवडली. १७ व्या वर्षी लायसन्स मिळतं, पण १८ होईपर्यंत शेजारी नोंद केलेला मोठा माणूस बसलेला पाहिजे. त्याचं वय किमान ३० आणि रेकॉर्ड चांगलं.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली आणि मग बऱ्याच देशांनी ते उचललं. नव्या चालकाला सुरुवातीला रात्री उशिरा बंदी आणि बरोबरीचे मित्र गाडीत घ्यायला बंदी. कारण गाडीत मित्र वाढले की कोवळ्या चालकाचा धोका वाढतो, हे आकड्यांतून दिसलं.

आपल्याकडे लर्निंग काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सला अर्ज करता येतो. त्या ३० दिवसांत पोरगं काय शिकलं हे कुणीच विचारत नाही.

रावेर_बागायतदार
दादा, जर्मनीत रात्री रस्त्यावर बिनलाईटची ट्रॉली उभी असते का?

स्टुटगार्टी_धुळेकर
नसते. म्हणूनच म्हणतो भाऊ, आपल्या पोरांना इथल्या पोरांपेक्षा जास्त शिकवायची गरज आहे.

शहादा_ऊसवाला
ट्रॉलीचा विषय निघाला म्हणून. कारखाने सुरू झाले की आमच्याकडे एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, मागचा लाईट ऊसाने झाकलेला. पंक्चर झाली की रस्त्यातच उभी. मागे चार दगड आणि एक फांदी. ती फांदी म्हणजे पुढे काहीतरी उभं आहे ही खूण, पण नव्या पोराला ते कुठे माहीत? मी माझ्या ट्रॉल्यांना लाल रेडियम पट्टी लावून घेतली, खर्च अगदी किरकोळ. पोरांबरोबर ट्रॅक्टरवाल्यांचा पण वर्ग घ्या सर.

लाल_डबा_निवृत्त
मी एसटीत ड्रायव्हर होतो, जळगाव विभाग. हा धागा मुलीने दाखवला, तीच टाईप करून देते आहे.

आम्ही नोकरीत असताना एका शाळेत गाडी घेऊन गेलो होतो. हेडमास्तर चांगले होते. भाषण नको म्हणाले, गाडीच दाखवा. मैदानात गाडी उभी केली, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. एका पोराला माझ्या सीटवर बसवलं. बाकीच्यांना सांगितलं, गाडीच्या भोवती कुठेही उभे राहा, याला दिसणार नाही अशी जागा शोधा. दहा-बारा पोरं समोरच्या बंपरला चिकटून उभी राहिली. सीटवरच्या पोराला एकही दिसेना. क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, पुढच्या चाकाच्या मागे, एक मुलगी सायकल घेऊन उभी होती. तो आरशात बघतो, मान वाकडी करतो, ती काही सापडत नाही. शेवटी तिने घंटी वाजवली तेव्हा तो दचकला. मग प्रत्येक जण सीटवर बसून गेला. पुढच्या महिन्यात त्या गावच्या स्टॉपवर पोरं गाडीच्या पुढून पळत रस्ता ओलांडायची बंद झाली. दहा वर्षं मी तिथे हॉर्न वाजवत होतो, त्याने झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट वळणाची. मोठी गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत जात नाहीत, आत कापतात. जागा दिसली म्हणून पोरगं डावीकडून मोटरसायकल घालतं आणि ती जागा मिटत जाते. मैदानावर पाण्याने टायर ओले करून गाडी वळवून दाखवा. दोन वेगळे पट्टे जमिनीवर उमटतात. पोरांना सगळं तिथेच कळतं.

आणि घाट. कन्नड घाट असो, चांदसैली असो, तोरणमाळ असो. पोरं पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून उतरतात. ब्रेक तापले की धरत नाहीत. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. इंजिनच गाडी धरून ठेवतं. मना बाप म्हने, गाडी चालाडाले सगळास्ले येस, थांबाडाले कोनले येस?

तापीची_लेक
काका!! असा वर्ग मला दहावीत मिळाला असता तर किती बरं झालं असतं.

सातपुडा_पायथा
ड्रायव्हर काका, नमस्कार करतो. मला हेच हवं होतं. याला लायसन्स लागत नाही, कायदा मोडत नाही, आणि मुलगा ट्रकच्या जागी बसून स्वतःकडे बघायला शिकतो.

भौतिक_शिरपूर
मी शिरपूरला फिजिक्स शिकवतो. थांबायचं अंतर हा आमच्याच पुस्तकातला धडा आहे, पण तो वहीत राहतो. मैदानात आणा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर बैल आला हे डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे १७ मीटर गाडी तशीच पुढे. मग चांगल्या ब्रेकने, कोरड्या डांबरावर, आणखी साधारण २० मीटर. एकूण जवळजवळ दोन क्रिकेट पिच. ताशी ३० ला हेच सगळं १३-१४ मीटरमध्ये आटोपतं. वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे मुलांनी चुन्याच्या रेघा मारून, टेप लावून, चालत मोजायचं. पाऊस, वाळू किंवा रस्त्यावर सांडलेल्या केळीच्या पानांवर हे अंतर किती वाढतं त्यावर वेगळा तास होईल.

याला रात्र जोडा. मोटरसायकलच्या खालच्या उजेडात ३०-४० मीटर नीट दिसतं. म्हणजे ६० ने जाणाऱ्याला शहाद्याच्या भाऊंची ट्रॉली दिसली तेव्हा थांबायची जागा संपत आलेली असते. समोरून अप्पर लाईट आला तर बघायचं रस्त्याच्या डाव्या कडेला, लाईटकडे नाही, हेही कुणी सांगत नाही.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात दुचाकीवरची ४४ टक्क्यांच्या वर. हा आकडा मी वर्गात लिहितो, पण त्याने मुलं गप्प होतात एवढंच. टेप लावून मोजलेले ३७ मीटर त्यांच्या लक्षात राहतात.

रावेर_बागायतदार
शिरपूरचे सर, तुमचा धडा मला पण शिकायचाय. पण मुद्दा सोडत नाही. हे शिकवल्यावर पोरगं म्हणेल, मला सगळं येतं, आता गाडी द्या. त्याचं काय?

पांढरा_डगला
भाऊ, मला उलट वाटतं. ज्याला काही माहीत नाही तोच बिनधास्त असतो. आमच्याकडे आलेल्या पोरांना विचारलं तर बहुतेकांचं शिक्षण एवढंच, मित्राने शेतातल्या रस्त्यावर क्लच-गिअर दाखवला. ब्रेक पुढचा आधी की मागचा, दोन्ही एकदम का, कुणी सांगितलेलं नसतं.

जळगाव_खोटेनगर
आमच्याकडे वेगळाच प्रश्न आहे. हायवे शहराच्या पोटातून जातो. अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी चौक. क्लासला जाणारी आठवी-नववीची मुलं सायकलवर हाच हायवे ओलांडतात. गाडीचं शिक्षण नंतर, आधी सायकलवाल्याला हात दाखवायला, थांबायला, मागे बघायला शिकवा. आरएसपीचा (रोड सेफ्टी पेट्रोल, शाळकरी मुलांचं रस्ता सुरक्षा पथक) गणवेश शाळेत आहे, परेड पण होते. पण त्या मुलांना खऱ्या चौकात वाहतूक पोलिसांबरोबर एक तास उभं केलेलं मी पाहिलेलं नाही. पाहिलं असेल त्यांनी सांगा, आनंद होईल.

भुसावळ_जंक्शन
आमच्या शाळेत आरएसपीची पोरं सुटायच्या वेळी गेटवर रस्सी धरून उभी राहायची. लई भाव खायचो आम्ही. पण रस्ता क्रॉस करायला तिथेच शिकलो, हे खरं.

अमळनेर_आई
एक विचारायचं होतं. समोर अपघात झाला तर मुलांनी काय करायचं? माझा मुलगा म्हणतो, थांबलो तर पोलीस अडकवतात.

धुळे_कोर्टवाला
ताई, तसं नाही. कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला ॲम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मुलांना तिन्ही नंबर पाठ असावेत.

पांढरा_डगला
आणि जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. श्वास चालू आहे का बघा. एवढं पोरं अर्ध्या तासात शिकतात.

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं ठरत आलंय. जानेवारीची वाट न बघता पावसाळा संपला की सुरू करतो. पहिला तास मैदानात, बस आणि ओले टायर. आगाराकडे गाडी मागतो, नाही मिळाली तर ओळखीतल्या केळीवाल्याचा ट्रक आहे. दुसरा तास शिरपूरच्या सरांच्या रेघांचा. एक संध्याकाळ अंधार पडल्यावर मैदानातच, ट्रॉली उभी करून, काळा शर्ट आणि पांढरा शर्ट घातलेली मुलं किती लांबून दिसतात ते बघायला. हेल्मेटचा पट्टा आणि प्रथमोपचार नर्सताईंनी किंवा त्यांच्या कुणी ओळखीच्यांनी घ्यावा अशी विनंती. पालकसभेला वकीलसाहेब आलात तर फारच उत्तम. गाडी चालवायला या सगळ्यात कुठेही द्यायची नाही, हे मुलांना आणि पालकांना पहिल्याच दिवशी सांगणार.

बागायतदार भाऊंचा मुद्दा मात्र राहतोच. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांनाही सवलत आहे, पण दुपारची गाडीच नसेल तर पास खिशात ठेवून करायचं काय? जे मूल बसने येऊ शकतं त्याच्या घरी चावीचा वाद होतच नाही. म्हणून प्रॅक्टिकल सुटायच्या वेळेला फेरी द्या, असा आगारप्रमुखांना अर्ज करायचा विचार आहे. गावांच्या ग्रामपंचायतींचे ठराव जोडले तर वजन येईल.

लाल_डबा_निवृत्त
ठराव जोडाच. आणि अर्जात 'फेरी वाढवा' असं मोघम लिहू नका. कुठल्या गावातून किती मुलं, कुठली वेळ, ते गावनिहाय लिहा. वाहतूक निरीक्षकाला तोच कागद लागतो. मैदानावर मी येतो, सीटवर पोरांना बसवायला माणूस पाहिजेच.

शहादा_ऊसवाला
ट्रॉली आणि रेडियम पट्टी माझ्याकडून. चोपड्यापर्यंत आणणं लांब पडेल, पण ओळखीतला ट्रॅक्टरवाला सांगतो.

रावेर_बागायतदार
सर, अर्ज आधी पाठवा, मैदान मग. आमच्या गावचा ठराव मी सरपंचांकडून याच ग्रामसभेत करून घेतो आणि मुलांची यादी पण देतो. रात्रीच्या मोटरीला ऑटोस्टार्टर बसवून घ्यायचं चाललंय, तोवर मोटरीवर धाकट्याऐवजी सालदार जाईल. ऑटोस्टार्टर कुठला चांगला, कुणी वापरत असाल तर इथेच सांगा.

भौतिक_शिरपूर
भाऊ, मोबाईलवरून चालू होणारा घ्या, पण फेज गेल्यावर बंद करणारं प्रिव्हेंटर त्यात आहे का ते आधी विचारा. नाहीतर मोटर जळते.